नाशिकच्या गॅलरीतला चारचा चहा

१

मंगळवारी दुपारी श्यामला काकूंची आई चोरीला गेली.

शब्द काकूंचेच. मी त्यांच्या दारात पोचले तेव्हा त्या वॉकर धरून हॉलमध्ये उभ्या होत्या, डावा पाय प्लास्टरमध्ये, आणि टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे अशा बघत होत्या की जणू त्यानेच घरात डल्ला मारलाय.

"कालपर्यंत इथे होती गं ऋता," पडद्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या. "आज कोणीतरी नेली."

आधी कोण कुठे आहे ते सांगते. आम्ही कलकत्त्यात, गार्डन रीचला रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये राहतो. आमच्या ब्लॉकमध्ये मराठी घरं दोनच, वरचं आमचं आणि खालचं काकूंचं. माझे बाबा आणि काकूंचे मिस्टर, सुधाकर काका, एकाच ऑफिसात आहेत. काकूंची आई, कुसुम आजी, राहते नाशिकला. तिला कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. व्हिडिओ कॉल लावला तर ती फोन उशीखाली ठेवते आणि वर उशी थोपटते.

म्हणून मागच्या दिवाळीत केदारदादाने एक जुळणी केली. केदारदादा म्हणजे काकांचा पुतण्या, सेक्टर फाइव्हला सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि राहतो काका-काकूंकडेच. नाशिकच्या गॅलरीत एक जुना कॅमेरा लावलेला होता, काकूंच्या भावाच्या बंद पडलेल्या दुकानातला. तो इतका जुना की चित्र फक्त घरातल्या वायफायवर दाखवायचा, बाहेरच्याला नाही. केदारदादाने नाशिकच्या घरात एक छोटा डबा बसवला आणि इथल्या कॉम्प्युटरवर टाकला प्रॉक्सी क्लायंट.

प्रॉक्सी क्लायंट म्हणजे मधला माणूस. इथून आपण म्हणायचं, कॅमेरा दाखव. तो ती मागणी उचलून नाशिकच्या डब्याकडे नेतो आणि डबा कॅमेऱ्याला विचारतो. कॅमेऱ्याला वाटतं घरातलंच कोणीतरी बघतंय. मग तो दाखवतो.

आजीला हे सगळं सांगितलेलं होतं. रोज चार वाजता ती गॅलरीतल्या खुर्चीत चहा घेऊन बसायची, कप एकदा कॅमेऱ्याकडे उचलायची आणि मग प्यायची. इकडे काकू त्यांचा कप उचलायच्या. बस, एवढंच. एक शब्द नाही.

मी हे खूपदा पाहिलंय. ती लाल फरशी, दोरीवरचा पंचा, कठड्यावरची कढीपत्त्याची कुंडी. मी कधी नाशिकला गेलेले नाही. मी जन्मले बिलासपूरला, वाढले चक्रधरपूरला, आता इथे. सगळीकडे रेल्वेची क्वार्टर्स, सगळीकडे तोच पिवळा रंग. लोक गावची आठवण काढून रडतात, मला आठवण यायला गावच नाही. तरी ती कुंडी दिसली की मी पडद्याच्या जरा जवळ सरकायचे.

आणि आता वेळ नव्हता. रविवारी काकूंचा भाऊ, अविनाश मामा, आजीला कायमचा ठाण्याला घेऊन जाणार होता. नाशिकचं घर भाड्याचं, ते परत द्यायचं होतं. पायामुळे काकूंना प्रवास बंद. त्यांची आई त्या घरात, त्या गॅलरीत दिसणार होती ती फक्त रविवारपर्यंत.

"मी त्या प्रोग्रॅमला बोटसुद्धा लावलं नाही," काकू म्हणाल्या. "शपथ घेऊन सांगते."

मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. खोटं बोलणारा माणूस मला कळतो. काकू खरं बोलत होत्या.

मग दुसऱ्या कोणीतरी लावलं होतं.

२

मी अकरावीत शाळा सोडली. का ते विचारू नका, सगळे विचारतात. बाबांनी रागाने माझा मोबाईल कपाटात कुलूप लावून ठेवलाय आणि शाळेत गेल्याशिवाय तो मिळणार नाही. मीही मागत नाही. पण कॉलनीत कोणाचा कॉम्प्युटर अडला की मलाच हाक येते, कारण मला बसून ऐकायचा कंटाळा आहे, उघडून बघायचा नाही. काकूंनाही मीच शिकवलं होतं. एकच नियम सांगितला होता: जे बदलायचं असेल त्याच्यावर माउसचं उजवं बटण दाबा, पुढचं तोच विचारतो.

पडद्यावर मागे आजीचाच फोटो होता, कॅमेऱ्यातून उतरवलेला. हातात कप, मागे उघडं दार, दारातून दिसणारी आतली भिंत आणि भिंतीवरचं गोल घड्याळ. फोटोच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याने छापलेले पांढरे बारके आकडे.

मी आधी साधं नेट लावून बघितलं. काहीच उघडेना. बातम्या नाहीत, गाणी नाहीत. म्हणजे फक्त नाशिक नाही, अख्खं जगच बंद.

हे सोपं निघालं. मधला माणूस कामावर असतो तेव्हा कॉम्प्युटरला सांगून ठेवतो की सगळं माझ्याकडे द्या. संध्याकाळी घरी जाताना तो निरोप पुसून जातो. पण कोणी त्याला धक्के मारून हाकललं तर निरोप पुसायचा राहतो. कॉम्प्युटर मग बिचारा सगळ्या मागण्या रिकाम्या खुर्चीकडे देत बसतो. सेटिंगमध्ये गेले तर प्रॉक्सी चालू होता, पत्ता ह्याच मशीनचा, आणि त्या पत्त्यावर कोणीही नाही. मी तो बंद केला. जग उघडलं.

म्हणजे कोणीतरी कॉम्प्युटर नीट बंद न करता झटक्यात मारला होता.

काका ऑफिसातून आले तेव्हा मी दारातच धरलं. त्यांना काकूंचं ते पडद्यासमोर बसणं आवडत नाही हे मला माहीत होतं. पाय वर ठेवायचा सोडून तासन् तास खुर्चीत बसते, असं ते बाबांपाशी म्हणाले होते. मी सरळ विचारलं, कॉम्प्युटरची वायर तुम्ही ओढलीत ना.

"ओढली," काका बूट काढत म्हणाले. "दुपारी जेवायला आलो होतो, जरा लावून बघूया म्हटलं तर नाशिक उघडेना. बंद करून चालू केलं की बरं होतं म्हणतात ना? मी केलं. तेव्हापासून बाकीचंही गेलं. फाशी देणार का?"

मला राग आला होता, पण कान उघडे होते. वायर ओढली ती नाशिक उघडेना म्हणून. म्हणजे बिघाड आधी, काका नंतर.

"बाकी ह्या घरात माझंच काय ते सुधारलंय," काका काकूंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. आज ऑफिसात ते सगळ्यांच्या आधी पोचले होते, शिपाई कुलूप काढायचा होता. ह्या वयात चाल वाढली होती त्यांची. उलट पलीकडच्या कारखान्याचा जेवणाचा भोंगा आज उशिरा वाजला, तिथे शिस्त राहिली नाही.

काकू वॉकर वळवून स्वयंपाकघरात गेल्या.

मी प्रॉक्सी क्लायंट पुन्हा चालू केला. कोपऱ्यातला छोटा गोळा हिरवा झाला. काकू दारातून मान काढून बघत होत्या. मी नाशिकवर दाबलं.

पांढरं पान. वर गोल गोल फिरणारं चक्र. मग तेही थांबलं.

३

बुधवारी मी सगळं सोलून काढलं. डब्याचा पत्ता, दाराचा नंबर, गुप्त चावी, एकेक अक्षर केदारदादाने लिहून ठेवलेल्या फाइलशी ताडून बघितलं. बरोबर. प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकला. तेच. घरातल्या वायफायची गडबड असेल म्हणून काकांचा मोबाईल जोडून त्याच्या नेटवरून बघितलं. तेच. प्रोग्रॅम स्वतःशी जे पुटपुटतो त्याला लॉग म्हणतात. तो उघडला तर एकच वाक्य पुन्हा पुन्हा: जोडलं गेलं, तोडलं गेलं. जोडलं गेलं, तोडलं गेलं.

म्हणजे नाशिकच्या दारापर्यंत आपण जात होतो. दार कोणीतरी आतून लोटत होतं.

आतून म्हणजे नाशिकहून. नाशिकला कोण होतं? आजी, तिला सांभाळणाऱ्या बाई, आणि सामान बांधायला सोमवारीच येऊन राहिलेला अविनाश मामा. तो सोमवारी आला आणि मंगळवारी आई गायब झाली.

काकूंनी मला मामाबद्दल थोडं सांगितलं होतं. आईला ठाण्याला नेण्यावरून बहीण-भावात बोलणं झालं होतं. काकू म्हणत होत्या, तिचं घर नको मोडूस. तो म्हणत होता, तू कलकत्त्यात बसून बघतेस, धावतो मी. मला सगळं स्वच्छ दिसायला लागलं. घर मोडताना बहिणीने बघू नये म्हणून त्याने डोळाच मिटला.

काकू दुपारच्या पडल्या होत्या. मी त्यांचा फोन घेतला आणि मामाला लावला. कोण बोलतंय ते सांगितलं आणि जे तोंडात आलं ते सगळं बोलले. डबा तुम्हीच बंद केला, एवढी कसली भीती वाटते, मुलीला आई दिसली तर तुमचं काय जातं.

मामाने सगळं ऐकून घेतलं.

"डब्याचा दिवा चालू आहे," तो मग म्हणाला. "इथल्या वायफायवर कॅमेरा माझ्या फोनमध्ये आत्ताही दिसतोय. आणि ऐक, काय नाव तुझं, ऋता. काल आईने कप उचलला. मी तिला कळवलं नाही की तिकडे दिसत नाहीये. घड्याळाकडे बघून बरोबर उचलला, आणि थोडा वेळ तसाच धरून ठेवला. आजही उचलेल. आता तू सांग, मी तिला काय सांगू?"

मी काकूंचा फोन होता तिथे परत ठेवला.

मामाने काही केलं नव्हतं. आणि नाशिकला एक म्हातारी बाई रोज कप उचलून एका आंधळ्या कॅमेऱ्याला दाखवत होती.

४

उरला केदारदादा.

तो मंगळवार सकाळपासून घरी नव्हता. कामाचा जोर होता, न्यू टाऊनला मित्राकडेच झोपत होता. फोनवर म्हणाला, शुक्रवारी एका कामासाठी एस्प्लनेडला येतोय, पाच वाजता मेट्रोच्या दाराशी भेट. ही जुळणी ज्याने केली तो ती बिघडवूही शकतो. त्यातून त्याला ह्याच कॉम्प्युटरवर रात्री मॅच बघायची असते आणि काकू खुर्ची सोडत नाहीत.

मी काकूंच्या हॉलमधल्या घड्याळात बघून निघाले. बस खिदिरपूरला पुलाच्या अलीकडे अडकली. पुढे ट्रकची रांग, कंडक्टर खाली उतरून सिगारेट ओढून आला तरी बस जागची हलली नव्हती. मी खिडकीत बसून आतल्या आत उकळत होते. पण एस्प्लनेडला उतरले तर केदारदादाचा पत्ता नाही. मी फुटपाथवरच्या स्वेटरवाल्यांच्या गर्दीत उभी राहून त्याला मनात शिव्या घालत राहिले. तो आला तो आरामात, हातात झालमुडीचा, म्हणजे इथल्या भेळेचा, कागदी ठोंगा.

मी तिथेच भांडले. पाचची वेळ देऊन माणसाला ताटकळत ठेवतात का. त्याने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. पाचला अजून दोन मिनिटं होती.

"तू लवकर आलीस," तो म्हणाला. "धर, झालमुडी खा, तोंड जरा वेगळ्या कामाला लागेल."

मी ठोंगा घेतला, पण डोक्यात काहीतरी खुपलं. बस एवढी अडकली होती, मग मी लवकर कशी पोचले?

त्याला मी सगळं विचारलं. सेटिंगला त्याने दिवाळीनंतर हात लावला नव्हता. चावी बदलली नव्हती. सोमवारी संध्याकाळी तर त्याने कॉम्प्युटर उघडलाच नाही, बॅग भरत होता. मधेच काकूंनी हॉलमधलं घड्याळ काढून मागितलं, नवा सेल टाकायचा होता त्यांना. ते दिलं, परत टांगलं, जेवला, झोपला. सकाळी निघून गेला.

मग मी लॉगचं सांगितलं. तो चावता चावता थांबला.

"हा डबा जरा विक्षिप्त आहे," तो म्हणाला. "अनोळखी कोणी आलं तर नाही म्हणत नाही, नुसतं दार लोटतो. आत कोणी राहतं हे परक्याला कळूच नये म्हणून. तो तुम्हाला परकं समजतोय."

"पण चावी बरोबर आहे."

"नुसती चावी चालत नाही. प्रत्येक हाकेत चावी आणि त्या क्षणाची वेळ, दोन्ही मिसळलेलं असतं. कोणी आपली जुनी हाक चोरून नंतर मारली तर उपयोग नको ना. पण वेळेचा प्रश्न नाही, ती कॉम्प्युटर नेटवरून आपोआप घेतो. ती चुकत नाही. तू चावीच पुन्हा बघ."

तो घाईत होता. रविवारच्या आत एकदा येऊन जातो म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला.

मी रिकामा ठोंगा हातात चुरगाळत उभी राहिले. एकही संशयित उरला नव्हता. आणि उद्या शनिवार.

५

शनिवारी सकाळपासून मी काकूंच्या कॉम्प्युटरसमोर बसले होते. चावी बरोबर होती. चार वेळा बघितली. काका घरीच होते. केदारदादा जेवायच्या वेळेला आला, मोजे न काढताच सोफ्यावर आडवा झाला. काकू स्वयंपाकघरात स्टुलावर बसून भाजी निवडत होत्या. त्या आता मला काही विचारत नव्हत्या. त्याचाच जास्त त्रास होत होता. त्यांनी आशा सोडली होती आणि मला वाईट वाटू नये म्हणून भाजी निवडत होत्या.

मी प्रोग्रॅम बंद केला आणि आजीच्या फोटोकडे नुसती बघत बसले. कप, दार, गोल घड्याळ. कोपऱ्यातले पांढरे आकडे.

मी पुढे सरकले.

पांढऱ्या आकड्यांत चारला दहा कमी होते. भिंतीवरच्या गोल घड्याळात मोठा काटा बारावर होता. बरोबर चार.

कॅमेरा जुना असला तरी वेळ नेटवरून घ्यायचा. म्हणजे आजीच्या घरातलं घड्याळ पुढे होतं, दहा मिनिटं.

तेवढ्यात पलीकडच्या कारखान्याचा भोंगा वाजला, जेवणाचा. मी मान वर करून काकूंच्या भिंतीवरचं घड्याळ बघितलं. मग कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातलं. दोघांचं एकमत होतं. आणि दोघांच्या मते भोंग्याला दहा मिनिटं उशीर झाला होता.

मी एवढे दिवस ह्या पडद्याला नाक लावून बसले होते, आणि कोपऱ्यात बघितलं नव्हतं.

"केदारदादा, तुझ्या मोबाईलमध्ये किती वाजले?"

त्याने सांगितलं, आणि सांगता सांगता उठून बसला. त्याने कॉम्प्युटरकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यालाही कळलं. पण त्याने मला बोलू दिलं.

मी खुर्ची वळवली. काकाही पेपर खाली ठेवून बघायला लागले होते. मी म्हटलं, ह्या घरात चोरी झालीच नाही. काकांची चाल वाढलेली नाही, ते निघतातच लवकर. कारखान्याची शिस्त बिघडलेली नाही. बस अडकूनही मी काल लवकर पोचले, कारण मी ह्या घड्याळात बघून निघाले. मंगळवारपासून हे घर दहा मिनिटं पुढे चाललंय. सोमवारी संध्याकाळी हे घड्याळ भिंतीवरून खाली आलं होतं, सेल बदलायला. परत वर गेलं ते पुढे होऊन. आणि ज्याने भिंतीवरचं पुढे केलं त्यानेच कॉम्प्युटरमधलं केलं. वेळ आपोआप घेणं बंद करून, हाताने. नाशिकच्या डब्याला वाटलं, ही हाक आत्ताची नाही, कोणीतरी परकं आलंय. त्याने दार लोटलं.

"प्रोग्रॅमला बोट लावायची गरजच नव्हती," मी म्हटलं. "आकड्यांवर उजवं बटण दाबायचं. पुढचं तोच विचारतो."

स्वयंपाकघरातला भाजीचा आवाज थांबला होता.

६

काकू दारात आल्या. वॉकरवर दोन्ही हात, आणि हातात निवडायची राहिलेली एक पालकाची काडी तशीच.

"घड्याळाचा त्याच्याशी काय संबंध असणार, असं वाटलं गं मला," त्या म्हणाल्या.

त्यांनी सांगितलं ते असं. त्यांचे वडील एस.टी.त कंट्रोलर होते. त्यांच्या घरातलं घड्याळ कायम दहा मिनिटं पुढे असायचं, गाडी कोणाचीही चुको, आपली चुकू नये म्हणून. ते जाऊन किती वर्षं झाली, पण आजीने ते मागे केलं नाही. आजीचे चार म्हणजे जगाचे चारला दहा कमी. पाय चांगला होता तेव्हा काकू आधीच येऊन बसायच्या, त्यामुळे कधी अडलं नाही. प्लास्टर घातल्यापासून इथल्या घड्याळात चार वाजले की त्या उठायच्या, वॉकर ढकलत येईपर्यंत आजीचा कप खाली गेलेला असायचा. गेल्या आठवड्यात सलग चुकलं. आजी कप उचलायची आणि इकडची खुर्ची रिकामी. म्हणून सोमवारी त्यांनी भिंतीवरचं आणि कॉम्प्युटरमधलं, दोन्ही घड्याळं आजीच्या घड्याळाशी जुळवली.

"ती थोडीच बघू शकत होती खुर्ची रिकामी आहे ते," काका म्हणाले.

"मी तर बघू शकत होते ना."

काकांनी पेपर पुन्हा उचलला. ते कायम सासऱ्यांच्या घड्याळाची टिंगल करायचे, हे मलासुद्धा माहीत होतं. रेल्वेत घड्याळ म्हणजे घड्याळ, आणि एस.टी.त म्हणजे अंदाज, असं ते म्हणायचे. काकूंनी त्यांना सांगितलं नव्हतं ते त्यामुळेच.

मी कॉम्प्युटरची वेळ पुन्हा आपोआपवर टाकली. कोपऱ्यातले आकडे उडी मारून मागे आले. काकूंनी विचारलं, आता भिंतीवरचंही मागे करावं लागेल का. मी सांगितलं, डब्याला तुमच्या भिंतीचं काही पडलेलं नाही. तरी त्यांनी काकांकडे बघितलं.

"असू दे," काका म्हणाले. "मी ऑफिसात लवकर पोचलो म्हणून रेल्वे बुडत नाही."

दुपारी आम्ही चौघं पडद्यासमोर बसलो. काकू खुर्चीत, पाय स्टुलावर, हातात कप. भिंतीवर चार व्हायला आले तेव्हा मी गोळा हिरवा केला आणि नाशिकवर दाबलं.

चक्र फिरलं. मग लाल फरशी दिसली.

दोरीवर पंचा नव्हता. कढीपत्त्याची कुंडी खोक्यात होती, वर फक्त शेंडा. आजी खुर्चीत बसली होती, चहाचा कप मांडीवर दोन्ही हातांत धरून, आणि मान वळवून मागे उघड्या दाराकडे बघत होती. आतल्या भिंतीवर घड्याळ नव्हतं. तिथे फक्त एक गोल, बाकी भिंतीपेक्षा पांढरा डाग होता.

"घड्याळ बांधलं त्यांनी," काकू हळू म्हणाल्या.

आजी त्या डागाकडे बघत राहिली. कप तसाच. इकडे आमच्या भिंतीवर मोठा काटा बारावर येऊन ठेपला. काकूंचा कप अर्धवट वर गेला आणि तिथेच थांबला. ते दहा मिनिटं पुढे चालणारं घड्याळ आता साऱ्या जगात एकच उरलं होतं, गार्डन रीचला.

मी काकूंचा फोन उचलून नाशिकला लावला. मामाने घेतला.

"मामा, ऋता बोलतेय. त्या दिवशी मी जे बोलले ते चुकीचं होतं. ते नंतर बोलते. आत्ता आजीला सांगा, चार वाजले. इथे काकूंकडे वाजलेत."

पडद्यावर दारातून एक जाडा, टक्कल पडलेला माणूस फोन कानाला लावून बाहेर आला. मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. तो आजीशेजारी उकिडवा बसला आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी ओरडला. आवाज आम्हाला येत नव्हता. आजीने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा त्या पांढऱ्या डागाकडे. मग सरळ आमच्याकडे वळली आणि कप उचलला.

काकूंनी त्यांचा उचलला. थोडा चहा बशीत सांडला. काका उठून खिडकीपाशी गेले.

आजीने कप नेहमीपेक्षा जास्त वेळ धरला. मग प्यायली.

रविवारी सकाळी मामाने कॅमेरा आणि डबा काढला. जाताना त्याने काकूंना फोन केला, आणि मलाही द्यायला सांगितला. तुझ्यासारखी भांडखोर मुलगी आमच्या दुकानात पाहिजे होती, दुकान बुडलं नसतं, असं म्हणाला. घड्याळ तो ठाण्याला नेणार होता, काटे न हलवता.

ठाण्याच्या घराला गॅलरी नाही. आजी तिथे आतल्या खोलीत असते आणि कॅमेरा नको म्हणते, तिथे काय बघायचंय म्हणते. मी काकूंना विचारलं, तो प्रोग्रॅम काढून टाकू का, उगाच चालू राहतो. त्या म्हणाल्या, राहू दे, त्याचं काय ओझं आहे.

म्हणून तो आहे. दुपारी मी खाली जाते. भिंतीवर चार वाजतात, कारखान्याच्या, ऑफिसच्या आणि बाबांच्या चारच्या दहा मिनिटं आधी. काकू कप उचलतात, आता मीही उचलते. कधी कधी त्या आत गेल्या की मी नाशिकवर दाबून बघते. पांढरं पान येतं. लॉगमध्ये आता तेसुद्धा येत नाही, जोडलं गेलं, तोडलं गेलं. एकच वाक्य येतं, की त्या पत्त्यावर कोणी नाही. मी पत्ता, दार, चावी, वेळ, सगळं पुन्हा एकदा तपासते. सगळं बरोबर असतं.